पांढरी शी आणि साठ दिवस

पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या दहा बाळांपैकी साधारण सहा बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. घरात कुणी घाबरलं तर आजी, शेजारच्या काकू, नर्स आणि डॉक्टर सगळे एकच सांगतात: "होते अशी कावीळ, आपोआप जाते. सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा." बहुतेक वेळा ते खरंही असतं. दहा-बारा दिवसांत बाळाचा रंग निवळतो आणि सगळे विसरून जातात.

हा लेख त्या 'बहुतेक'मध्ये न बसणाऱ्या बाळांबद्दल आहे. युरोपात साधारण पंधरा ते वीस हजारांत एक आणि तैवानमध्ये पाच-सहा हजारांत एक बाळ असं असतं, की ज्याची कावीळ जात नाही, कारण त्याच्या यकृतातून पित्त बाहेर पडायची वाट बंद होत चाललेली असते. या आजाराचं नाव बिलिअरी अट्रेझिया. 'अट्रेझिया' हा ग्रीक मुळाचा शब्द, अर्थ 'भोक नसणं'. यकृतात तयार झालेलं पित्त ज्या नळ्यांतून आतड्यात उतरतं, त्या नळ्या सुजतात, आक्रसतात आणि शेवटी दोरीसारख्या भरीव होतात. मागे अडकलेलं पित्त यकृतालाच जाळतं. उपचार झाले नाहीत तर यातली बहुतेक मुलं वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत दगावतात.

गंमत अशी, की हा आजार ओळखायची सगळ्यात जुनी खूण शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही. ती बाळाच्या लंगोटात असते. शीला जो पिवळा-तपकिरी रंग येतो तो पित्तामुळे. पित्त आतड्यात पोचलंच नाही, तर शी फिकट होत जाते. आधी फिकट पिवळी, मग शाडूच्या मातीसारखी, कधी भिंतीला लावायच्या पुट्टीसारखी. आणि अडकलेला पिवळा पदार्थ रक्तातून लघवीत उतरतो, म्हणून एरवी पाण्यासारखी दिसणारी तान्ह्या बाळाची शू लंगोटावर पिवळे डाग पाडते.

खूण इतकी साधी आहे, आणि तरी ती वेळेत वापरायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. असं का झालं?

ओळखून उपयोग काय?

ग्लासगोचे डॉक्टर जॉन बर्न्स यांनी १८१७ साली बाळंतपणावरच्या आपल्या पुस्तकात तान्ह्या मुलांच्या अशा काविळीची नोंद केली होती, जिच्यामागे पित्ताच्या वाटेतला बरा न होणारा दोष असतो. पुढे १८९२च्या सुमारास एडिंबराचे जॉन थॉमसन यांनी तोवर ठिकठिकाणी छापून आलेल्या अशा साधारण पन्नास मुलांच्या नोंदी एकत्र केल्या. कावीळ कधी सुरू झाली, शीचा रंग कसा होता, मूल किती दिवस जगलं आणि शवविच्छेदनात काय दिसलं, हे सगळं त्यांनी मांडलं.

म्हणजे एकोणिसावं शतक संपेपर्यंत आजाराचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं होतं. पण हे सगळं ज्ञान मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावरून आलेलं होतं. जिवंत मुलात आजार ओळखला तरी करण्यासारखं काहीच नव्हतं. ज्या निदानानंतर पुढचं पाऊल नाही, ते आज केलं काय आणि महिन्याने केलं काय, मुलासाठी फरक शून्य. त्यामुळे घाई करायचं कुणाला कारणच नव्हतं.

पहिलं कारण दिलं ते १९१६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या होम्स यांनी. त्यांनी शंभरहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या आणि एक हिशेब मांडला: यातल्या साधारण १६ टक्के मुलांमध्ये यकृताबाहेर नळीचा एखादा उघडा तुकडा शिल्लक होता. तो तुकडा आतड्याला जोडता आला असता तर ही मुलं कदाचित वाचली असती. इथून पुढची चाळीस-पन्नास वर्षं शल्यचिकित्सक या मुलांचे दोन गट करत राहिले: 'दुरुस्त होणारी' आणि 'दुरुस्त न होणारी'. बोस्टनचे विल्यम लॅड यांनी १९२८ साली पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पण उघडा तुकडा सापडणारी मुलं थोडी. बाकीच्यांचं पोट उघडायचं, आत दोरीसारखा तंतू दिसला की परत शिवायचं आणि आईवडिलांना सांगायचं की काही करता येणार नाही. बहुतेकांच्या वाट्याला हेच येई.

थांबायचा सल्ला

याच काळात एक दुसरी अडचण पुढे आली. तान्ह्या मुलात लांबलेली कावीळ, फिकट शी, गडद शू आणि मोठं झालेलं यकृत हे सगळं आणखी एका आजारात दिसतं. त्याला तेव्हा 'निओनेटल हेपटायटिस' म्हणत, म्हणजे यकृताची सूज. इथे नळ्या उघड्या असतात, बिघाड यकृताच्या पेशींमध्ये असतो आणि बरीच मुलं शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ही डोकेदुखी ओळखीची वाटेल: एरर एकच दिसते, पण बिघाड दोन अगदी वेगळ्या ठिकाणी असू शकतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक आहे.

घातक हा शब्द इथे खराच लागू होता. हेपटायटिस असलेल्या मुलाला भूल देऊन पोट उघडलं तर त्याची तब्येत आणखी ढासळते, असा अनुभव डॉक्टरांना येत होता. म्हणून अमेरिकेत बराच काळ सल्ला असा होता, की मूल चार महिन्यांचं होईपर्यंत थांबा. हेपटायटिस असेल तर तोवर सुधारणा दिसेल, नाही दिसली तर पोट उघडून बघा.

आज हा सल्ला क्रूर वाटतो, पण त्या वेळच्या माहितीत तो चुकीचा नव्हता. अट्रेझियाची बहुतेक मुलं तशीही 'दुरुस्त न होणारी' होती. लवकर ऑपरेशन करून त्यांचं फारसं भलं होत नव्हतं आणि हेपटायटिसवाल्यांचं नुकसान मात्र होत होतं. थांबण्याचा तोटा कुणाच्या हिशेबात धरलेला नव्हता, कारण तो तोटा आहे हेच ठाऊक नव्हतं.

सेंदाईची शस्त्रक्रिया

हिशेब बदलला तो जपानमध्ये. सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई नावाचे तिशीतले शल्यचिकित्सक होते. १९५५ साली त्यांनी ७२ दिवसांच्या एका मुलीचं पोट उघडलं. बाहेरच्या नळ्या बंद होत्या, म्हणजे जुन्या वर्गवारीप्रमाणे 'दुरुस्त न होणारी'. असं सांगतात, की यकृताच्या दाराशी कापाकापी करताना रक्त थांबेना, तेव्हा कासाईंनी आतड्याचा भाग तिथे टेकवून शिवून टाकला. आणि शस्त्रक्रियेनंतर त्या मुलीच्या शीला रंग येऊ लागला.

आता यात योगायोग किती होता हे बाजूला ठेवू. पुढचं काम योगायोगाचं नव्हतं. कासाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापून काढलेल्या तंतूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डोळ्यांना भरीव दोरी वाटणाऱ्या त्या तंतूत, यकृताच्या अगदी दाराशी, केसाहून बारीक नलिका शिल्लक होत्या आणि त्यांचा आतल्या नळ्यांशी संबंध होता. नुसत्या डोळ्यांना दिसेल अशा नळीची गरजच नव्हती. भरीव भाग यकृताच्या दारापर्यंत कापून टाकायचा आणि त्या उघड्या जागेभोवती आतड्याचा तुकडा शिवायचा, की या बारीक नलिकांतून पित्त थेंबथेंब आतड्यात उतरू शकतं.

पण दुसरी गोष्टही दिसली. लहान बाळांत या नलिका होत्या, आणि दोन-तीन महिन्यांपुढच्या बाळांत त्या नाहीशा होत चालल्या होत्या. मागचं यकृतही कडक होत होतं. म्हणजे ज्या चार महिन्यांत डॉक्टर सावधपणे वाट बघत होते, त्याच काळात उपचाराची शक्यता विरघळत होती.

कासाईंनी ही शस्त्रक्रिया १९५९ साली जपानी भाषेत प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती आली १९६८ साली. पश्चिमेकडच्या अनेकांना आधी विश्वास बसला नाही. सत्तरच्या दशकात तिथले शल्यचिकित्सक ती स्वतः करून पाहू लागले, तेव्हा कुठे ती रुळली. आज जगभर तिला 'कासाई शस्त्रक्रिया' म्हणतात. ती सगळ्यांना वाचवत नाही. पित्त वाहू लागलं तरी अनेक मुलांना पुढे कधीतरी यकृत प्रत्यारोपण लागतं. पण मोठ्या केंद्रांच्या आकड्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, की शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी स्वतःच्या यकृतावर जगण्याची शक्यता जास्त. साठ दिवस ही हद्द तिथून आली. साठाव्या दिवशी काही दार धाडकन बंद होत नाही, पण प्रत्येक आठवड्याने ते थोडं थोडं लोटलं जातं.

प्रत्यारोपणाचा इतिहासही याच आजारापासून सुरू होतो. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, ते बिलिअरी अट्रेझिया असलेल्या तीन वर्षांच्या मुलावर. ते मूल रक्तस्रावामुळे वाचलं नाही. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झालं. तोही वीस महिन्यांचा मुलगा होता, आजार हाच होता आणि यकृताचा तुकडा दिला होता त्याच्या वडिलांनी. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

दोन प्रकारचा पिवळा

साठ दिवसांचं घड्याळ लागल्यावर निदानाचा प्रश्नच बदलला. आता दोन बिघाडांतला फरक काही दिवसांत ओळखणं भाग होतं.

त्यासाठीचं पहिलं हत्यार खरं तर खूप आधीच हाती आलं होतं. कावीळ ज्या पिवळ्या पदार्थामुळे होते तो बिलिरुबिन. पॉल एर्लिख यांनी १८८३ साली त्याला रंगीत करणारी रासायनिक क्रिया शोधली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये हायमन्स व्हान डेन बर्ग यांच्या लक्षात आलं, की काही रुग्णांच्या रक्तात ही क्रिया थेट होते आणि काहींच्या रक्तात अल्कोहोल घातल्यावरच होते. त्यावरून 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' बिलिरुबिन ही नावं पडली. आजही लॅबच्या रिपोर्टवर तीच छापलेली असतात. त्यामागचं कारण कळलं १९५६-५७ साली. यकृत बिलिरुबिनला एक जोड लावून पाण्यात विरघळण्याजोगं बनवतं, आणि असं जोड लावलेलं बिलिरुबिन म्हणजे डायरेक्ट.

सगळ्या लेखाची किल्ली इथे आहे. नवजात बाळाची नेहमीची कावीळ इनडायरेक्ट असते, कारण त्याचं यकृत अजून जोड लावायच्या कामात सरावलेलं नसतं. अट्रेझियात यकृत काम करतं, माल तयार होतो, पण बाहेरची वाट बंद असल्याने तो रक्तात परत येतो. म्हणून डायरेक्ट आकडा वाढतो. बाळाकडे नुसतं बघून हे दोन पिवळे वेगळे ओळखू येत नाहीत. रक्ताच्या एका चाचणीत येतात.

यात एक विचित्र वळण आहे. १९५६च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत. उन्हाला उघडी राहिलेली त्यांची कातडी कमी पिवळी दिसते, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथले डॉक्टर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशाचा उपचार प्रसिद्ध केला, आणि आज प्रसूतिगृहात दिसणारे निळे दिवे तिथूनच आले. या दिव्यांनी असंख्य बाळांचे मेंदू वाचवले. पण प्रकाश काम करतो तो इनडायरेक्ट बिलिरुबिनवर. नळी बंद असलेल्या बाळाला तो उपयोगाचा नाही, उलट डायरेक्ट बिलिरुबिन जास्त असताना दिव्याखाली ठेवलं तर कातडी कधी कधी ब्राँझसारखी काळपट होते. साध्या काविळीवर उपाय इतका चांगला सापडला, की 'कावीळ म्हणजे ऊन आणि वाट बघणं' हे समीकरण घराघरांत पक्कं झालं. त्यात अट्रेझियाचं बाळ सुरुवातीला छान दिसतं. दूध पितं, वजन घेतं, हसतं. काळजी करावी असं वरून काही दिसत नाही.

डायरेक्ट आकडा जास्त निघाला, तरी पुढे हेपटायटिस की अट्रेझिया हे ठरवावंच लागतं. साठच्या दशकात किरणोत्सारी आयोडीन जोडलेला 'रोज बेंगॉल' रंग शिरेतून देत आणि मग तीन दिवस बाळाची शी गोळा करून त्यात तो किती उतरला हे मोजत. पुढे 'हायडा' स्कॅन आला. यात किरणोत्सारी पदार्थ आतड्यात दिसला तर अट्रेझिया नाही. दिसला नाही, तर मात्र खात्री नाही, कारण आजारी यकृतही तो बाहेर टाकू शकत नाही. स्कॅन नीट यावा म्हणून आधी पाच दिवस औषध द्यायची पद्धत आहे. साठातले पाच दिवस तिथेच जातात. सोनोग्राफीत पित्ताशय बारीक किंवा गायब दिसतं. यकृताच्या दाराशी तंतूंचा त्रिकोणी पट्टा दिसतो, ही खूण १९९६ साली कोरियातल्या डॉक्टरांनी दाखवली. सुईने यकृताचा तुकडा काढून तपासतात. २०१७पासून 'एमएमपी-७' या रक्तातल्या प्रथिनाबद्दल आशादायक अभ्यास येत आहेत. पण शेवटचा निकाल अजूनही ऑपरेशन टेबलावरच लागतो. पित्ताशयात रंग सोडून एक्स-रे काढायचा, नळ्या उघड्या आहेत की नाहीत ते बघायचं आणि बंद असतील तर तिथूनच कासाई शस्त्रक्रियेला सुरुवात करायची.

रंगांचं कार्ड

एव्हाना मोठ्या रुग्णालयांकडे सगळं होतं, फक्त बाळं वेळेत येत नव्हती. शीचा रंग डॉक्टर पाहत नाही, लंगोट बदलणारी बाई पाहते. आणि 'फिकट' म्हणजे नेमकं किती फिकट, हे पहिलटकरणीला कसं कळणार?

जपानमध्ये अकिरा मात्सुई यांनी १९९४ साली तोचिगी प्रांतात आईच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर शीच्या रंगांचे क्रमांक घातलेले नमुने होते. महिन्याच्या तपासणीला येताना जुळणारा रंग सांगायचा, एवढंच. तैवानने ही कल्पना देशभर नेली. तिथल्या मेइ-ह्वेई चांग यांचं नाव त्याआधीच मोठं होतं. बाळांना हेपटायटिस बीची लस दिल्यावर मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला, हे दाखवणाऱ्यांत त्या होत्या. २००४ साली हे कार्ड तैवानच्या प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत गेलं. साठ दिवसांच्या आत कार्डाने पकडलेल्या रुग्णांचं प्रमाण २००४मध्ये ७२.५ टक्के होतं, ते २००५मध्ये ९७.१ टक्क्यांवर गेलं. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेली मुलं ६० टक्क्यांवरून साधारण ७४ टक्के झाली. आधुनिक वैद्यकातल्या एखाद्या महागड्या यंत्राला हेवा वाटावा असे हे आकडे एका छापील कागदाचे आहेत. जपाननेही २०१२पासून माता-बाल पुस्तिकेत हे कार्ड सगळीकडे घातलं.

मग फोन आले. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 'पूपएमडी' नावाचं अ‍ॅप केलं: शीचा फोटो काढा, अ‍ॅप रंग ओळखेल. कल्पना झकास आहे, पण फोनचा कॅमेरा रंग जसा आहे तसा दाखवत नाही हे आपल्याला माहीत असतं. पिवळ्या बल्बखाली तो स्वतःच रंग 'सुधारतो', आणि इथे तर सगळा खेळ पिवळ्याच्याच छटांचा आहे. अशा साधनात सीमारेषा कुठे आखायची हे दोन्हीकडच्या चुकांची किंमत बघून ठरवावं लागतं. बाळ ठीक असताना शंका घेतली, तर एक रक्ताची चाचणी आणि दोन दिवसांची धास्ती. बाळ आजारी असताना 'ठीक' म्हटलं, तर यकृत जातं. त्यामुळे अशी साधनं थोडी जास्तच शंकेखोर असलेली बरी.

टेक्सासमध्ये संजीव हरपावत आणि सहकाऱ्यांनी रंगाच्याही मागे जाऊन पाहिलं. अट्रेझियाच्या बाळांचं डायरेक्ट बिलिरुबिन जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच थोडं वाढलेलं असतं, हे त्यांनी २०११ साली दाखवलं. मग १४ रुग्णालयांतल्या सुमारे १ लाख २४ हजार बाळांचा हा आकडा तपासला. ज्यांचा जास्त, त्यांची दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी. २०२०मध्ये निकाल आला: अट्रेझियाची सातही बाळं सापडली. दुसऱ्या चाचणीतही आकडा वर राहिलेल्या दर सतरा बाळांमागे साधारण एकाला हा आजार होता. शस्त्रक्रियेचं सरासरी वय ५६ दिवसांवरून ३६ दिवसांवर आलं.

आपल्याकडचे साठ दिवस

भारतात कासाई शस्त्रक्रिया करणारी केंद्रं आहेत, बालयकृततज्ज्ञ आहेत, इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. तरी इथल्या अनेक अभ्यासांत शस्त्रक्रियेच्या वेळी बाळाचं सरासरी वय साठ दिवसांच्या पुढेच दिसतं.

आपल्याकडचं पहिल्या साठ दिवसांचं वेळापत्रक आठवून बघा. बाळंतीण बहुधा माहेरी. सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. म्हणजे साठातले सुमारे चाळीस दिवस उंबऱ्याच्या आतच गेले. तोवर ऊन दाखवून झालेलं असतं. कुठे काविळीची माळ घातली जाते, कुठे झाडपाल्याचं औषध आणलं जातं. नंतर मोठ्या डॉक्टरकडे, तिथून शहरात. यात कुणी बाळाचं वाईट चिंतत नाही. सगळे तेच करत असतात जे बाकीच्या बाळांच्या बाबतीत बरोबर ठरलेलं असतं.

पण याच वेळापत्रकात मदतीच्या जागाही आहेत. सरकारी कार्यक्रमानुसार दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. दीड महिन्याच्या लसीला बाळ केंद्रावर येतंच. या प्रत्येक भेटीत रंगांचं कार्ड समोर धरून दोन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही: शी यातल्या कुठल्या रंगाची होते? लंगोटावर शूचा पिवळा डाग पडतो का? घरात आजी असेल तर तिला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा माहीत असतं, कारण कापडी लंगोट तिनेच धुतलेले असतात. विकतच्या डायपरमध्ये तो डाग चटकन लक्षात येत नाही, तेव्हा अधूनमधून पांढरं सुती कापड वापरून बघावं. आणि 'सुरुवातीला तर पिवळी शी व्हायची' यावर निर्धास्त होऊ नये, कारण या आजारात रंग हळूहळूच उतरतो.

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना अजून मूलबाळ नसेल. पण बहिणीला, वहिनीला, मित्राला होईल, आणि घरच्या ग्रुपवर बाळाचे फोटो येऊ लागतील. आपल्याकडे दिवस मोजायची एक सोय आहेच. बारसं बाराव्या दिवशी धरलं, तर त्यानंतर दोनच दिवसांनी चौदावा दिवस येतो. चौदा दिवसांनंतरही बाळाचे डोळे पिवळे असतील, शू गडद असेल किंवा शी फिकट असेल, तर "होते अशी कावीळ" हे उत्तर पुरेसं नाही. बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन एवढंच म्हणायचं: "एकदा डायरेक्ट बिलिरुबिन तपासू या." बहुतेक वेळा रिपोर्ट नॉर्मल येईल आणि तुम्ही उगाच घाबरवलंत असं घरचे म्हणतील. म्हणू द्या. नाहीच आला नॉर्मल, तर शस्त्रक्रियेपर्यंत पोचायला अजून सहा आठवडे हातात असतील.